धुक्यात फोटो काढताना आधी अंतर पाहा

प्रश्न थोडक्यात असा: जुलैत महाबळेश्वरला आणि डिसेंबरात पवना धरणाच्या काठी काढलेले धुक्यातले फोटो घरी येऊन पाहिले की राखाडी आणि सपाट दिसतात. जागेवर जे पाहून थांबावंसं वाटलं, त्यातलं काहीच उतरत नाही. मग लेन्स कोणती घ्यावी, फिल्टर घ्यावा का, एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) कसं ठेवावं, आणि संगणकावर धूसरपणा कमी करणारा 'डीहेझ'चा स्लायडर किती ओढावा?

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट येते, ती म्हणजे अंतर. धुक्यात झाड, कडा किंवा बुरूज कितीही देखणा असला तरी त्यातलं फोटोत किती उतरणार, हे तुम्ही त्याच्यापासून किती लांब उभे आहात यावर ठरतं. म्हणून जागेवर पोचल्यावर कॅमेरा पिशवीतच ठेवून मी आधी अंतरं बघतो. लेन्स, एक्स्पोजर आणि नंतरची संगणकावरची कामं त्यातूनच ठरत जातात.

कारण समजून घेतलं की पुढचं सोपं होतं. धुकं म्हणजे जमिनीला टेकलेला ढग. त्यातले पाण्याचे थेंब साधारण ५ ते २० मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं दिसतं. समोरच्या झाडाकडून तुमच्याकडे येणारा प्रकाश वाटेत या थेंबांमुळे गळत जातो, आणि त्याच वाटेवर आजूबाजूचा पांढरा उजेड त्यात मिसळत जातो. झाडाचा गडदपणा असा दोन्ही बाजूंनी मारला जातो.

हाराल्ड कोशमीडर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये याचं गणित मांडलं. गडद वस्तू आणि तिच्यामागचं पांढरं यांतला फरक, म्हणजेच कॉन्ट्रास्ट, सुरुवातीला झपाट्याने घसरतो आणि मग हळूहळू विझत जातो. तो सुमारे २ टक्क्यांवर आला की वस्तू डोळ्यांना दिसेनाशी होते. त्या अंतराला दृश्यमानता म्हणतात, आणि ती १ किलोमीटरच्या खाली गेली की हवामानशास्त्राच्या हिशेबाने धुकं पडलं. आता हे गणित रस्त्यावर आणू. समजा घाटरस्त्याच्या कडेने सारख्या अंतरावर विजेचे खांब आहेत आणि आठवा खांब जेमतेम जाणवतोय. पहिल्या खांबाचा मूळ कॉन्ट्रास्ट साधारण ६१ टक्के शिल्लक राहतो, दुसऱ्याचा ३८, आणि चौथ्याचा फक्त १४. म्हणजे जिथवर दिसतंय त्याच्या निम्म्या अंतरावरची वस्तूसुद्धा फोटोच्या हिशेबाने जवळजवळ गेलेली असते. डोळा तिला ओळखतो, कारण आपल्याला दोन डोळे आहेत, आपण मान हलवतो, आणि धुकं सरकताना पुढचं-मागचं आपोआप कळत राहतं. कॅमेऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. पवनेच्या काठी पलीकडचा डोंगर तुम्हाला दिसला आणि फोटोत नुसता करडा पट्टा आला, त्याचं कारण हे.

या आकड्यांतून मला एक रीत सापडली आणि ती मी सगळ्यांना सांगतो. सगळ्यात लांबची जेमतेम दिसणारी वस्तू शोधा. त्या अंतराचा आठवा भाग, चौथा भाग आणि निम्मं, अशा तीन अंतरांवर काही ना काही असेल अशी जागा धरा. दृश्यमानता २०० मीटर असेल तर २५, ५० आणि १०० मीटर. शिल्लक कॉन्ट्रास्ट ६१, ३८ आणि १४ येतो, म्हणजे फोटोत तीन थर जवळजवळ सारख्या पायऱ्यांनी फिके होत जातात आणि खोली आपोआप दिसते. सारख्या अंतरावर लावलेल्या सुरूच्या रांगेत हे जमत नाही, तिथे पुढची दोन झाडं ठळक येतात आणि मागची सगळी एकात एक विरघळतात. म्हणून रांगेच्या बरोबर समोर उभं न राहता तिरकं व्हावं, म्हणजे जवळचं झाड खूप जवळ येतं आणि बाकीची आपली आपली जागा घेतात. अंतर मोजायला यंत्र लागत नाही. पावलं टाकून अंदाज घ्या, एक-दोन सकाळींत नजर बसते.

हेच कळलं की लेन्सचा प्रश्नही बराचसा सुटतो. खूपजण धुक्यात लांबचं दिसत नाही म्हणून मोठी झूम लेन्स लावतात. झूम केल्याने धुकं कापलं जात नाही. १५० मीटरवरचं झाड २०० मिलिमीटरच्या लेन्सने मोठं होतं, पण तुमच्या आणि त्याच्यामधली १५० मीटर धुक्याची भिंत तेवढीच राहते, कॉन्ट्रास्ट तेवढाच पडका राहतो, फक्त आता तो अख्ख्या फ्रेमभर पसरतो. धुक्याच्या आत असताना उपाय एकच, चालत पुढे जा आणि रुंद लेन्स लावा. २४ किंवा ३५ मिलिमीटरची लेन्स घेऊन झाडापासून सात-आठ मीटरवर उभं राहिलात तर खोडावरचं शेवाळ, ओल्या सालीचा काळा रंग, त्यावर चढलेलं दगडफूल सगळं येतं आणि मागचं जंगल धुक्यात हळूहळू बुडतं.

टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, उपयोगी पडते ती धुक्याच्या वर असताना. पहाटे लोहगडावर उभे आहात, खाली पवनेचं खोरं धुक्याने भरलंय आणि तुंग, तिकोना वर डोकं काढून आहेत, अशा वेळी तुमच्या आणि त्या किल्ल्यांच्या मधली हवा स्वच्छ असते. तिथे ७०-२०० लेन्स बिनधास्त लावा. तुम्ही धुक्यात आहात की धुक्याच्या वर, हे आधी स्वतःला विचारा. दोन्हीकडे कॅमेरा वेगळा चालवावा लागतो.

जुलैतलं महाबळेश्वर आणि डिसेंबरातली पवना ही धुक्याच्या दोन वेगळ्या जातींची ठिकाणं आहेत. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून आलेला दमट वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, चढताना थंड होतो आणि ठरावीक उंचीवर त्यातली वाफ थेंब होते. त्या उंचीचा एक ढोबळ हिशेब आहे: कोकणातलं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ थेंब होऊ लागते ते) यांतला फरक काढून त्याला १२५ ने गुणायचं, ढगाचा तळ मीटरमध्ये येतो. खाली तापमान २८ अंश आणि दवबिंदू २४ असेल तर सुमारे ५०० मीटर. म्हणजे आंबोली, लोणावळा, माथेरान ढगात असणार, आणि त्याहून कितीतरी उंच असलेलं महाबळेश्वर पुरतं आत बुडालेलं असणार. हे धुकं उन्हाने विरत नाही, कारण वारा ते सतत नवं तयार करत असतो. दुपारी बारालाही तेच, आणि चार दिवस थांबलात तरी कदाचित तेच. तिथे लांबच्या देखाव्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. पॉइंट सोडून जंगलात शिरा. महाबळेश्वरच्या रानात अंजनी, जांभूळ, हिरडा यांची वाकडीतिकडी, शेवाळलेली झाडं आहेत. उघड्या दिवशी त्या जंगलाचा फोटो म्हणजे फांद्यांचा गुंता असतो, एकही झाड वेगळं काढता येत नाही. धुकं पडलं की मागचा सगळा गोंधळ पांढऱ्यात जातो आणि एखादी अंजनी एकटी उभी राहते. माझ्या मते धुक्याचं सगळ्यात मोठं देणं हेच आहे, आणि पर्यटक जेव्हा 'काहीच दिसत नाही' म्हणून हॉटेलात बसलेले असतात तेव्हा खरं काम होतं.

कड्यावर थांबायचंच असेल तर उघडिपीसाठी थांबा. घाटमाथ्यावर वाऱ्याचा जोर कमीजास्त होतो तसे ढगाला मधेच भगदाड पडते, खालची दरी, एखादी सोंड, धबधब्याची रेघ दिसते आणि मिनिट-दोन मिनिटांत पुन्हा मिटते. उघडीप झाल्यावर ट्रायपॉड लावायला गेलात तर ती निसटते. म्हणून काही दिसत नसतानाच फ्रेम ठरवून, फोकस लॉक करून, लेन्स पुसून तयार राहायचं. दरीची दिशा, समोरच्या सुळक्याची जागा नकाशावर आधी पाहून ठेवा. मुसळधार पावसाच्या दिवसापेक्षा जोर ओसरल्यानंतरचा दिवस उघडिपीसाठी चांगला, आणि ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरात तर सोनकी फुललेली असते, मधूनच ऊनही येतं, तेव्हा घाटमाथ्यासारखी जागा नाही.

थंडीतलं धुकं वेगळ्या कारणाने पडतं. रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन आपली उष्णता वर सोडून देते, तिच्यालगतची हवा थंड होते, जड होऊन उताराने दरीत उतरते आणि तिथे साचते. धरणाचं पाणी, ओली शेतं, नदी यांनी ओलावा पुरवलेला असला की धुकं तयार. त्यासाठी वारा जवळपास पडलेला हवा. आदल्या संध्याकाळी मी तीन गोष्टी बघतो: आकाश स्वच्छ राहणार का, वाऱ्याचा वेग ताशी पाच-सात किलोमीटरच्या खाली राहणार का, आणि पहाटेचं तापमान व दवबिंदू यांत दोन अंशांहून कमी फरक उरणार का. तिन्हींचं उत्तर होकारार्थी असेल तर गजर लावायचा. अवेळी पाऊस पडून दुसऱ्या दिवशी आकाश मोकळं झालं तर हमखास जायचं. हे धुकं सूर्योदयाच्या आसपास आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात सगळ्यात दाट होतं, कारण पहिल्या उन्हाने हवा थोडी ढवळली जाते. नऊ-दहापर्यंत ते उठतं. म्हणजे तुमच्या हातात दोन-तीन तास असतात आणि त्यात चित्र सतत बदलत राहतं: आधी निळसर सपाट, मग वरून सोनेरी, मग फाटत जाणारं. मला शेवटचा टप्पा सर्वांत आवडतो, नेमका ज्या वेळी बहुतेक लोक नाश्त्याला निघालेले असतात.

अशा धुक्यासाठी पाचगणीचं टेबल लँड आणि आजूबाजूच्या पॉइंटवरून कृष्णेचं खोरं आणि धोमचं पाणी, भंडारदऱ्याचा जलाशय, मुळशीचं खोरं, भोरकडच्या दऱ्या या जागा माहीत असाव्यात. धरणाच्या काठावर उतरलात तर आणखी एक प्रकार दिसतो. पाणी रात्रभर हवेपेक्षा उबदार राहिलेलं असतं, त्यावरून वाफेच्या उभ्या शेंड्या निघतात आणि उन्हात पेटल्यासारख्या चमकतात. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर कोळ्यांच्या होड्या या वाफेतून जाताना पाहण्यासारख्या असतात. पवनेला पुन्हा गेलात तर पलीकडचा डोंगर सोडून द्या. काठावरची एक होडी, पाण्यात उभं राहिलेलं वठलेलं झाड, पाण्यातून वर आलेला एखादा खडक घ्या आणि बाकी सगळं धुक्याला देऊन टाका.

प्रकाशाची दिशा याबाबत लोक फार कमी विचार करतात. धुक्याचे थेंब प्रकाश सगळ्यात जास्त पुढच्या दिशेला विखुरतात. म्हणून सूर्य समोर असताना धुकं झगझगतं, झाडं काळी होतात, आकार ठसठशीत येतात. सूर्य पाठीशी असेल तर तेच धुकं मळकट आणि निर्जीव वाटतं. झाडांमधून उतरणारे प्रकाशाचे पट्टे हवे असतील तर धुकं विरळ हवं आणि सूर्य समोर, एखाद्या खोडाआड हवा. खोडाच्या सावलीत कॅमेरा आणला की पट्टे एकदम उठून दिसतात. एक पाऊल डावीकडे सरकलात तर नाहीसे होतात, इतकं ते नाजूक असतं.

सूर्य पाठीशी घेऊन उभं राहण्याजोगा एक प्रसंग मात्र आहे. सकाळी तुम्ही पश्चिमेकडच्या कड्यावर आहात, मागून नुकतंच ऊन आलंय आणि समोर दरीत कड्याच्या उंचीपर्यंत धुकं चढलंय, तर खाली पाहा. तुमच्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडी दिसू शकतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर याला इंद्रवज्र म्हणतात. ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३५ मध्ये दख्खनच्या हवामानाविषयी प्रसिद्ध केलेल्या लेखात हरिश्चंद्रगडावरच्या अशा वर्तुळाकार इंद्रधनुष्याचं वर्णन आहे. प्रत्येकाला ती कडी आपल्याच डोक्याभोवती दिसतात, शेजाऱ्याच्या नाही. फोटोत घ्यायला ३५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स पुरते. त्याच्या बाहेर कधीकधी रुंद, जवळजवळ पांढरी धुक्याची कमान असते, तिला मात्र सगळ्यात रुंद लेन्स लागते.

आता एक्स्पोजर. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं आहे असं धरून चालतो. धुकं त्याहून खूप उजळ असतं, म्हणून मीटरवर सोडलं तर ते करडं होणारच. तुमच्या राखाडी फोटोंचं अर्धं कारण इथे आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबापेक्षा उजेड कमीजास्त करायची सोय, अधिक १ ते अधिक १.७ स्टॉपपर्यंत न्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). फ्रेममध्ये गडद झाडं बरीच असतील तर अधिक दोन-तृतीयांश पुरतं. स्क्रीनवरच्या चित्रावर विश्वास ठेवू नका, हिस्टोग्राम पाहा, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग किती आहे ते दाखवणारा आलेख. धुक्यात तो बारीकसा उंचवटा असतो. तो उजव्या टोकाच्या थोडा अलीकडे आणून ठेवा, भिंतीला चिकटू देऊ नका. धुक्याचा पांढरा भाग एकदा उडाला की परत येत नाही, आणि कागदावर तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. धुक्याच्या आत उजेड आणि सावली यांतला फरक मुळातच कमी असतो, त्यामुळे तीन-तीन एक्स्पोजर घेऊन जोडण्याची गरज नसते. धुक्याच्या वरून सूर्योदय घेताना ती लागू शकते. रॉमध्येच काढा, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा पहाटेचा निळा रंग 'दुरुस्त' करून टाकतो आणि सकाळ दुपारसारखी दिसते. मी ५२०० ते ५५०० केल्विनवर स्थिर ठेवतो. सूर्योदयाआधी निळं असेल ते निळं, नंतर पिवळं होईल ते पिवळं. जंगलात हिरव्या छताखालचं धुकं थोडं हिरवट येतं, ते तेवढं मात्र नंतर काढतो.

फोकसची अडचण धुक्यात नेहमी येते. ऑटोफोकसला पकडायला कड लागते आणि धुक्यात ती नसते, लेन्स पुढे-मागे घरघरत राहते. एकच फोकस पॉइंट निवडा आणि तो खोड आणि धुकं जिथे मिळतात त्या कडेवर ठेवा. तरीही जमलं नाही तर मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र (लाइव्ह व्ह्यू) मोठं करून हाताने फोकस करा. लेन्स अनंतापर्यंत फिरवून सोडण्याची सवय काहींना असते, पण पुष्कळ लेन्स अनंताच्याही पुढे फिरतात. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ ठेवलं की बहुतेक वेळा पुरतं. मागचं सगळं धुक्यानेच पुसलेलं असताना एफ १६ चा हट्ट कशाला?

शटरचा वेग ठरवताना धुकं चालतंय की थांबलंय ते बघा. दरीत साचलेलं धुकं सेकंद-दोन सेकंदांत फारसं हलत नाही. कड्यावरून ओसंडणारा ढग मात्र पाव सेकंद ते दोन सेकंद या टप्प्यात वाहता दिसतो. तीस सेकंद दिलेत तर त्याचा आकारच पुसला जातो आणि उरतो पांढरा लेप. ही चूक आता इतकी प्रचलित झाली आहे की लोकांना तीच शैली वाटू लागली आहे. वाफेच्या शेंड्यांना उलट वेगवान शटर हवं, सेकंदाचा सव्वाशेवा भाग किंवा त्याहून जलद.

फिल्टरबाबत सरळ उत्तर: धुकं घालवणारा फिल्टर नसतो. लांबचे डोंगर निळसर करणारी उन्हाळ्यातली धूसर हवा बारीक कणांची असते, ती निळा प्रकाश जास्त विखुरते, म्हणून तिथे लाल फिल्टर किंवा इन्फ्रारेड थोडी मदत करतात. धुक्याचे थेंब सगळ्या रंगांना सारखेच वागवतात, त्यामुळे तीच युक्ती इथे चालत नाही. यूव्ही फिल्टरने काहीच फरक पडत नाही. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, मात्र पावसाळ्यात जवळ ठेवावा, कारण ओल्या पानांवरची आणि कातळावरची पांढरी चकाकी तो काढतो आणि पानांचा खरा हिरवा रंग येतो. त्यासाठी दीड-दोन स्टॉप उजेड द्यावा लागतो, तेव्हा ट्रायपॉड किंवा वाढवलेला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) यांची तयारी ठेवा. पैसे खर्चायचेच असतील तर चांगला ट्रायपॉड आणि मोठी छत्री घ्या.

लेन्सवर ओल धरण्याचा त्रास टाळता येतो. एसी खोलीतून किंवा एसी गाडीतून थंड झालेला कॅमेरा दमट हवेत काढला की काचेवर लगेच वाफ धरते, कधी आतल्या काचेवरही. पिशवी बंद ठेवूनच ती बाहेर आणा आणि अर्धा तास तशीच राहू द्या. रात्री कॅमेरा एसीच्या खोलीत ठेवूच नका. लेन्स हूड कायम लावा, सुती फडकी चार-पाच ठेवा आणि प्रत्येक फ्रेमआधी काच पाहा, कारण धुक्यात काचेवरचा थेंब स्क्रीनवर लगेच ओळखू येत नाही. घरी आल्यावर सगळं पंख्याखाली वाळवून, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. कोकणात आणि घाटावर पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत, आणि ती आतल्या कोटिंगला खाते.

कड्यांबद्दल मला गंभीरपणे सांगायचं आहे. धुक्यात अंतराचा आणि खोलीचा अंदाज पूर्ण चुकतो. कडा संपला हे पायाखाली आल्यावर कळतं. पावसाळ्यात कातळावर शेवाळ, उतारावर निसरडं गवत आणि दरीतून वर येणारे वाऱ्याचे झोत असतात. डोळा व्ह्यूफाइंडरला लावून एकही पाऊल टाकू नका, मागे तर मुळीच नाही. जागा ठरवा, ट्रायपॉड टेकवा, मग पाहा. अनोळखी कड्यावर गावातला माहीतगार माणूस बरोबर घ्या. त्याला धुक्यातही वाट सापडते आणि पहाटे कुठून काय दिसतं हेही त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. जून आणि ऑक्टोबरात विजा कडाडत असतील तर उघड्या सड्यावर ट्रायपॉड घेऊन उभं राहू नका. घाटात वळणावर गाडी थांबवून फोटो काढणंही तितकंच जिवावरचं आहे. स्थानिक प्रशासनाने पावसात एखादी जागा बंद केली असेल तर ती बंद आहे असंच समजा.

माणसं फ्रेममध्ये असावीत का? असावीत, असं माझं मत आहे. भातलावणीच्या दिवसांत इरलं घेतलेली बाई बांधावरून जाते, गुराखी म्हशी घेऊन येतो, तेव्हा धुक्याला एकदम माप मिळतं. मात्र आधी बोला, विचारा, आणि नंतर फोटो पाठवायचं कबूल केलंत तर पाठवा.

मोबाइलवर काढत असाल तर धुक्यातल्या गडद झाडावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड हवा तेवढा वर-खाली सरकवा. मोबाइलचं स्वयंचलित एचडीआर (अनेक एक्स्पोजर जोडून केलेला फोटो) धुक्यातही कॉन्ट्रास्ट ओढून काढतं आणि झाडांच्या कडेला पांढऱ्या रेघा आणतं. प्रो मोड आणि रॉ असेल तर तोच वापरा. काच बोटाने नव्हे, फडक्याने पुसा.

शेवटी संगणक. 'डीहेझ' पूर्ण फ्रेमवर ओढलात तर धुक्यासाठीच काढलेल्या फोटोतून तुम्ही धुकंच काढून टाकता. लांबचे थर जबरदस्तीने गडद होतात, पायऱ्या मोडतात, आकाशात डाग आणि दाणे येतात. मी उलट करतो. जवळच्या झाडापुरता मास्क करून, म्हणजे बदल फक्त त्याच भागाला लागेल असं निवडून, तिथेच थोडा कॉन्ट्रास्ट आणि गडदपणा देतो, मागच्या थरांना जवळजवळ हात लावत नाही, कधी सर्वांत लांबच्या थराची क्लॅरिटी (बारीक तपशिलांचा ठळकपणा) वजा करतो. शून्य ते २५५ या मापावर जवळचं खोड २०-३० च्या आसपास आणि धुकं २०० ते २३५ च्या दरम्यान राहिलं तर चित्र बसतं. पूर्ण काळा रंग फक्त पुढच्या वस्तूला द्या. १०० मीटरवरचं झाड काळं केलंत की डोळ्याला लगेच खटकतं. फाइल १६ बिटमध्ये ठेवा, कारण धुक्याचे सावकाश बदलणारे करडे टोन ८ बिटमध्ये ताणले की पट्टे पडतात. सेन्सरवरची धूळही या सपाट भागात ठिपक्यांसारखी दिसते. फोटो शंभर टक्के मोठा करून ती एकेक काढावी लागते. कृष्णधवल करून पाहायला हरकत नाही, पण पहाटेचा निळा किंवा जंगलाचा ओला हिरवा फोटोत काम करत असेल तर रंग काढू नका.

छापायचं असेल तर चकचकीत कागदाऐवजी मॅट घ्या. धुक्याचा सर्वांत उजळ भाग कागदाच्या कोऱ्या पांढऱ्यापेक्षा किंचित गडद ठेवा, नाहीतर फोटोची कड आणि कागदाचं मार्जिन एकमेकांत मिसळतात. मोठी प्रिंट काढण्याआधी हाताएवढ्या आकाराचा एक तुकडा छापून दिवसाच्या उजेडात पाहा, कारण मॉनिटर मागून उजळलेला असतो आणि त्यावर बरोबर वाटलेलं धुकं कागदावर बहुतेक वेळा एक छटा गडद उतरतं.